जेवण झाले का?



वसंत व्याख्यानमालेत राष्ट्राचे अर्थकारण, वाङ्मयातील नवे प्रवाह, आत्म्याचे अमरत्व असे भारदस्त विषय यावेत, ही आपली जुनी रीत. माझा आजचा विषय मात्र आपण येथे येताना वाटेतच दोन-चारदा बोलून संपवला असेल. 'काय, जेवण झाले का?', 'आज फारच उकडते आहे, नाही?', 'काय, आज उशीर?' या बोलण्याला आपण चकाट्या पिटणे म्हणतो, रिकाम्या गप्पा म्हणतो. ते रिकामे नसते, एवढेच मला सांगायचे आहे.

या प्रश्नांतून माहिती जवळजवळ मिळत नाही, हे प्रथमच मान्य करतो. जेवण झाले का, असे विचारणाऱ्याच्या घरी आपले पान मांडलेले नसते. 'नाही' असे उत्तर आले, तर पंचाईत त्याचीच होते. घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारू नये, म्हणून आपल्याकडे 'काय, जरा लांब?' असे विचारतात. तो 'हो, जरा इकडेच' म्हणतो आणि दोघेही संतुष्ट होऊन आपापल्या वाटेने जातात. विचारणाऱ्याला कळले काहीच नाही. मग देवघेव झाली ती कशाची?

याचे उत्तर ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली एका निबंधात दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तेथील लोकांमध्ये राहिला होता. त्याने दाखवले, की काही बोलणे विचार कळवण्यासाठी नसतेच. माणसांची संगत जुळावी, एवढ्यासाठीच ते असते. त्या बेटांकडचे 'कुठून आलास?' आणि इंग्रज माणसाचे हवापाण्याविषयीचे बोलणे त्याने एकाच पंक्तीला बसवले. अनोळखी माणूस समोर नुसता गप्प बसून राहिला, की मनात शंका डोकावते. दोन शब्द झाले, की ती जाते. आपले 'जरा लांब?' त्याच पंक्तीतले.

पण या बोलण्यातून नकळत आणखी एक गोष्ट होते. आपल्याला एकमेकांच्या सवयी कळतात. समोरचे काका चहा बशीत ओतून पितात. शेजारच्या आजी पहाटे पाचला उठून सडा घालतात. कोणाला जेवणानंतर सुपारी लागते, कोण वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतो. शेजाऱ्याचे तत्त्वज्ञान आपल्याला ठाऊक नसते, पण त्याच्या आंघोळीची वेळ ठाऊक असते! आणि अडीनडीला उपयोगी पडते ती हीच क्षुल्लक माहिती. आज सडा पडला नाही, दुधाची पिशवी दाराशी तशीच लोंबते आहे, हे आजींची सवय जाणणाऱ्यालाच खटकते. बाकीचे त्याच दारावरून निघून जातात.

हे किती खरे आहे, ते अमेरिकेतील शिकागो शहराने जबर किंमत देऊन पाहिले. १९९५ च्या जुलैत तेथे पारा ४१ अंश सेल्सिअसवर गेला. नागपूरकरांना या आकड्याचे विशेष वाटणार नाही. पण तेथे हवा दमट, घरे तापलेली आणि लोकांना अशा उष्म्याची सवय नाही. ७०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दोन शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना केली आहे. दोन्हींकडे गरीब आणि एकटे राहणारे वृद्ध जवळजवळ सारख्याच प्रमाणात होते. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० माणसे मेली, आणि साउथ लॉनडेलमध्ये ४. क्लायनेनबर्गने याचे एक मोठे कारण रस्त्यावर शोधले. पहिल्या वस्तीतील कारखाने आणि दुकाने बंद पडली होती, रस्ते ओस होते, म्हातारी माणसे भीतीने दारे लावून आत बसत. दुसरीत दुकाने गजबजलेली, पदपथांवर वर्दळ. तेथील म्हातारा बाहेर पडत होता, आणि बाहेर त्याला ओळखणारे कोणी ना कोणी होते.

त्याच शिकागोत, आगगाडीने कामावर जाणाऱ्यांवर निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना अनोळखी सहप्रवाशाशी बोलायला सांगितले, काहींना एकटे बसायला. बोलण्यापेक्षा एकटे बसणेच सुखाचे होईल, असा प्रवाशांचा आगाऊ अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. म्हणजे बोलायला सगळ्यांनाच आवडते. पण समोरच्याला आवडणार नाही, असे मानून सगळेच गप्प बसतात!

आता कोणी म्हणेल, यातूनच उखाळ्यापाखाळ्या वाढतात. आक्षेप खोटा नाही. पण आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. 'विचारपूस' वेगळी आणि 'चौकशी' वेगळी. मुलाला पगार किती, मुलीचे लग्न का जमत नाही, ही चौकशी. गुडघा कसा आहे, आज फिरायला दिसला नाहीत, ही विचारपूस. पहिलीत विचारणाऱ्याची हौस भागते, दुसरीत उत्तर देणाऱ्याला बरे वाटते.

परगावी दिलेली मुलगी दूरध्वनीवर आईला रोज 'आज भाजी काय केलीस?' असे विचारते. भाजीशी तिला कर्तव्य नसते. परंतु ही पायवाट रोज तुडवलेली असते, म्हणूनच 'आई, मला इथे फार त्रास होतो आहे' हे वाक्य एखाद्या दिवशी त्या वाटेने येऊ शकते. जेथे वर्षभर गवत माजले आहे, तेथून असे वाक्य येत नाही.

तेव्हा, श्रोतेहो, गेल्या चार दिवसांत आपल्या आळीतले कोण दिसलेले नाही, याचा घरी जाताना जरा आठव करा. आणि त्याच्या दाराशी थांबून विचारा, 'काय, जेवण झाले का?'