फडावरची मुले आणि शाळेचा धागा



'निर्वासित' हा शब्द कानी पडला की सीमा ओलांडून आलेले लोंढे डोळ्यांसमोर उभे राहतात. महाराष्ट्राने असे लोंढे पाहिले आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि त्यातूनच उल्हासनगर उभे राहिले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांना आश्रय मिळाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. १९४३ ते १९४८ या काळात त्या छावणीत मुलांसाठी शाळा चालत होत्या. घर हरवलेल्या मुलाला अन्न आणि औषध यांच्या जोडीला शाळाही लागते, हे त्या काळातही समाजाला उमगले होते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अशी छावणी नाही. तथापि दसरा-दिवाळी उलटली की सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या परिसरात ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन थांबतात. त्यांतून भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या, पाचट-बांबूच्या कोप्यांचे सामान आणि मुले उतरतात. बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, अहिल्यानगरमधील पाथर्डी, शिवाय मराठवाडा-खानदेशातील कितीतरी वाड्या-तांडे यांतून ही माणसे येतात. त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही आणि तसे म्हणणे योग्यही नाही. त्यांचे गाव आहे, घर आहे, मतदारयादीत नाव आहे. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलापुरते पाहिले, तर जून ते ऑक्टोबर ज्या वर्गात तो बसला, तो वर्ग दिवाळीनंतर त्याच्यासाठी नाहीसा होतो. पाडव्याच्या आसपास तो परततो, तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते.

या मुलांचा दिवस कसा उगवतो? पहाटे तीन-चारला आई-वडील फडावर निघतात. थंडीत धाकट्याला कोपीत एकटे ठेवता येत नाही, म्हणून मोठ्या बहिणीने त्याला सांभाळायचे. पाणी आणायचे, चूल पेटवायची, जरा मोठे झाले की वाढे गोळा करायचे आणि मोळी बांधू लागायचे. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल त्या कोयत्यावर ठरते. जोडी झाली की कोयता वाढतो, या हिशेबापायी कित्येक मुलींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात. तेव्हा शाळा सुटणे ही केवळ अक्षरे विसरण्याची गोष्ट राहत नाही. चौथीत तुटलेला धागा पंधराव्या वर्षी पुन्हा उसाच्या फडातच जाऊन बांधला जातो.

शासनाने या प्रश्नाकडे पाठ फिरवली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हापासून या मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्यावर भर आला. मूळ गावी हंगामी वसतिगृहांची सोय झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. कायदा तर स्पष्टच आहे. मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा. शाळा सोडल्याचा दाखला वा वयाचा पुरावा हाताशी नाही, म्हणून त्याला परत पाठवायचे नाही.

असे असूनही कोपीपासून शाळेपर्यंतची ती वाट कायदा चालून देत नाही. उसाच्या गाड्यांनी गजबजलेला रस्ता ओलांडून सहा वर्षांचे मूल एकटे जाणार कसे? बहीण शाळेत गेली तर तान्ह्याकडे कोण पाहणार? फड संपून टोळी दहा मैल पुढे सरकली तर नाव कोणत्या हजेरीपटावर राहणार? तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. वर्गातली पुस्तकी मराठी त्याला कोण उलगडून सांगणार? स्वयंसेवी कार्याची गरज नेमकी इथे लागते.

सोमेश्वरनगर परिसरात 'कोपीवरची शाळा' या नावाने असा प्रयत्न झाला आहे. गावातल्याच शिकल्या-सवरल्या तरुण-तरुणींनी कोप्यांपर्यंत जायचे आणि संध्याकाळी तिथेच मुलांना घेऊन बसायचे, ही त्यामागची साधी कल्पना. शिकवणारा परका नाही, फार लांबचाही नाही, म्हणून तो उद्याही येतो. 'उद्याही येतो' हेच या कामाचे मर्म आहे.

कारण सेवेचा एक सोपा मार्गही उपलब्ध असतो. संक्रांतीला तिळगूळ, प्रजासत्ताकदिनी वह्या, एखादे छायाचित्र आणि समाधान. त्यात वाईट काही नाही; मुलांना खाऊ आवडतोच. परंतु ज्या मुलाच्या आयुष्यात दर पाच-सहा महिन्यांनी सारेच बदलते, त्याला एकदा येऊन जाणाऱ्या पाहुण्याचा काय आधार वाटणार? रोज ठरलेल्या वेळी येणारा एक माणूस, मग तो निवृत्त शिक्षक असो, महाविद्यालयीन विद्यार्थी असो की घरचे आवरून आलेली गृहिणी, त्या मुलाला अधिक मोलाचा वाटतो.

त्याने करायचे तरी काय? पहिल्या आठवड्यात कोपीनिहाय मुलांची यादी. नंतर जवळच्या शाळेत नावनोंदणी आणि सकाळी मुलांना एकत्र नेण्याची व्यवस्था. संध्याकाळी तासभर वाचन आणि पाढे; ज्याला जिथून येत नाही, तिथून. तान्ह्यांसाठी अंगणवाडीशी संपर्क. आणि हंगाम संपताना सर्वांत महत्त्वाचे काम: मुलाने काय शिकले, किती दिवस हजर राहिला, याची शाळेकडून लेखी नोंद घेऊन ती त्याच्या मूळ गावच्या गुरुजींपर्यंत पोहोचवणे. ही नोंद पोहोचली तर मूल आपल्या वर्गात बसते. न पोहोचली तर इथले पाच महिने कुणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत.

विस्थापन म्हणजे काय, हे इंदापूर तालुक्याला कोणी नव्याने सांगायला नको. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. पळसदेवसारखी गावे जुन्या जागेवरून उठली. धरणाचे पाणी ओसरते तेव्हा पळसनाथाच्या प्राचीन मंदिराचे शिखर आजही वर येते आणि जुनी माणसे आपले घर कुठे होते, ते बोटाने दाखवतात. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याने आणि इंदापुरात त्याच्या जोडीला उजनीच्या पाण्याने ऊस पिकवला. काही गावे पाण्यासाठी उठली. त्या पाण्यावरचा ऊस तोडण्यासाठी आता पाण्याविना कोरडी पडलेली दुसरी गावे दरवर्षी उठतात. एका विस्थापनाचे ऋण दुसऱ्या विस्थापितांच्या लेकरांना शिकवून फेडता येईल.

येत्या हंगामात धुराडी पेटतील, कोप्या पडतील. गावातून तिथपर्यंत पायी जायला फार तर अर्धा तास लागतो. कंदील, फळा आणि खडू एवढेच साहित्य पुरते. पाच महिने रोज एक तास देणारी दहा माणसे एका गावात उभी राहिली, तर पाडव्याला परतणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांच्या जोडीला मुलांची दप्तरेही असतील.