फेरेटच्या मादीचा माज

बिळांतले ससे हुसकून काढण्यासाठीं युरोपांत सुमारें २,००० वर्षांपासून पाळला जाणारा फेरेट दिसतो मुंगसासारखा. पण कुळ त्याचें पाणमांजराचें.

वसंतांत दिवस वाढूं लागले कीं त्याची मादी माजावर येते. नराशीं संयोग झाल्यावांचून तिचें बीज सुटत नाहीं, आणि बहुधा माजही ओसरत नाहीं. इस्ट्रोजेन हें संप्रेरक महिनोन्‌महिने रक्तांत राहिलें, तर अस्थिमज्जा रक्त निर्माण करीनाशी होते. मादी पांढरीफटक पडून दगावते. म्हणूनच एकट्या मादीचे बीजकोश काढणें हें जीवदान ठरलें.

परंतु बीजकोश वा वृषण गेले कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीला लगाम राहत नाहीं. तिचे संदेश मूत्रपिंडालगतच्या ग्रंथींना डिवचीत राहतात. कालांतरानें त्या वाढतात, अंगावरचे केस झडतात. शस्त्रक्रियेचें वय व हा रोग जडण्याचें वय यांचा संबंध नेदरलँड्समधील संशोधकांनीं २००० सालीं दाखविला.

यास्तव युरोपांतील अनेक पशुवैद्य आतां कातडीखालीं डेस्लोरेलिनची बारीक कांडी ठेवतात. तिचा प्रभाव सरला कीं नवी घालावी लागते. कांहीं पाळणारे नसबंदी केलेला नर सोडतात: माज ओसरतो, पिलें होत नाहींत.

उपाय कोणताही असो, तो वसंतापूर्वींच ठरला पाहिजे. प्राण्याला जोडीदारावांचून ठेवणाऱ्याला त्याच्या ऋतूचा भार स्वतः वाहावा लागतो.