गिरणींतलें अध्यापन

लातूरच्या डाळगिरणींतला जुना कारागीर तुरीचा दाणा दातांखालीं धरून त्याची ओल सांगतो. ही विद्या पदवीच्या विद्यार्थ्यास त्यानेंच शिकवावी, असें मला वाटतें. परंतु त्या शिक्षणास गुण द्यावयाचे म्हटलें, कीं विद्यापीठाची संमति हवी.

नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें. लातूर त्याच्याच कक्षेंत येतें. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यान्वयें अभ्यासक्रम प्रथम अभ्यासमंडळापुढें येतो, मग विद्याशाखेकडून विद्यापरिषदेकडे जातो. करार करण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा. ही पायपीट कंटाळवाणी खरीच! पण परीक्षा कोणी घ्यावयाची, यंत्रांत बोट सांपडलें तर उत्तर कोण देणार, गिरणीवाल्यानें मध्येंच हात आखडला तर वर्ष कोणाचें बुडणार, हें आधीं कागदावर उतरलें पाहिजे.

नव्या धोरणांत पदव्युत्तर वर्गास प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे चार श्रेयांक आहेत, म्हणजे सुमारें १२० तास. एवढा वेळ विद्यार्थी पोतींच मोजीत बसला, तर ती बिनपगारी चाकरी झाली. म्हणून मंडळाच्या एखाद्या सभासदानें, मंजुरीची सही करण्यापूर्वीं, एकवार गिरणींत जाऊन यावें. आणि तेंहि न कळवितां.