शिट्टी का वाजते?

आसेगावच्या जलशात कर्ण्याची शिट्टी आपण ऐकलीच आहे. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा बाहेर पडतो. हाच फीडबॅक. १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक यांना सुचले, की बाहेर पडणाऱ्या लहरीचा अंश उलटा करून आत सोडला तर अ‍ॅम्प्लिफायरच्या चुका कमी होतात. ऑप-अ‍ॅम्पच्या सर्किटात हीच युक्ती असते. परंतु ही दुरुस्ती अर्ध्या आवर्तनाने उशिरा पोचली आणि जोर शिल्लक असला, तर तीच चूक वाढवते. म्हणून चौकोनी लहरीचा धक्का देऊन ऑसिलोस्कोपवर पाहतात. रेषा लगेच स्थिरावली तर सर्किट ठीक; बराच वेळ थरथरली तर धोका.

पालकहो, मुलांची वही निकालानंतर पाहू नका, आज रात्रीच पाहा.