पुडी, भिंत आणि बाबांची करंगळी

(आपल्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, औषधशास्त्राचा पदवीधरही नाही. लातूरच्या तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि डब्यांची देखभाल करता करता पंचेचाळिशी ओलांडली. कार्यवाह म्हणाले, "आवडीचा विषय घ्या, वीस मिनिटे बोला, नंतर लगेच आरती आहे." आवडीचा म्हणण्यापेक्षा हा विषय माझ्या गळ्यात पडला, असे म्हणणे जास्त खरे.

दोन वर्षांपूर्वी माझे बाबा गावाहून आमच्याकडे राहायला आले. मधुमेह जुना. आगरा तलावाच्या फेरीसाठी मी हौसेने त्यांना नवे बूट घेतले. ते उजव्या करंगळीला घासत होते, पण पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे त्यांना काही कळलेच नाही. कळले ते सौभाग्यवतीला, मोज्यावरचा डाग धुताना. मग कोणीतरी एका महागड्या मलमाचे नाव सांगितले. "लायपोसोमचे आहे, थेट कातडीतून आत जाते." मी लगेच आणले. सहा आठवडे रोज रात्री स्वतःच्या हाताने लावले. सातव्या आठवड्यात करंगळी काढावी लागली.

ते मलम खोटे होते का? हा प्रश्न मला झोपू देईना. म्हणून वाचायला लागलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला लागलो. त्यातून जे समजले ते सांगतो.

आमच्या सहकाऱ्यांना लवकर समजेल असे उदाहरण घेतो. डब्याच्या बेअरिंगमध्ये आपण ग्रीस भरतो. ग्रीस म्हणजे साबण आणि तेल. लिथियम साबणाचे बारीक धागे तेल धरून ठेवतात आणि लागेल तसे सोडतात. नुसते तेल घातले असते तर पहिल्याच फेरीत गळून गेले असते. साबणाच्या रेणूला दोन टोके असतात, डोक्याला पाणी आवडते आणि शेपटीला तेल. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण अशाच रेणूंचे बनलेले आहे, फक्त त्यांना शेपट्या दोन-दोन. त्यांना फॉस्फोलिपिड म्हणतात. ते अंड्याच्या बलकात असतात, तसेच आमच्या लातूरच्या सोयाबीनमध्येही. सोयाबीनचे कच्चे तेल पाण्याने धुतले की खाली जो चिकट गाळ बसतो, त्यातून लेसिथिन मिळते आणि त्यात हेच रेणू असतात. आमच्या बाबांनी आयुष्यभर सोयाबीन पिकवले. त्यातून असेही काही निघते हे त्यांना मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग भाव का वाढत नाही?"

हे रेणू पाण्यात सोडले की त्यांच्या शेपट्या पाण्यापासून तोंड लपवतात, डोकी बाहेर राहतात आणि आपोआप दुहेरी पडद्याच्या गोल थैल्या तयार होतात. केंब्रिजजवळच्या बाब्रहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. याच त्या लायपोसोम. औषधाच्या कामासाठी बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आसपासच्या करतात, म्हणजे केसाच्या जाडीत काही शे एका ओळीत मावतील. पाण्यात विरघळणारे औषध थैलीच्या पोटात बसते आणि तेलात विरघळणारे तिच्या पडद्यात. आपल्या भाषेत सांगायचे तर ही औषधाची पुडी.

आता भिंत. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. जाडी दहा-वीस मायक्रॉन, पण बांधकाम पक्के. पेशी विटांसारख्या आणि मध्ये चरबीचा गिलावा. साधारण पाचशे डाल्टनपेक्षा जड रेणू या भिंतीतून सहसा जात नाही. म्हणून निकोटिनची पट्टी दंडावर चिकटवून चालते आणि सुमारे ५८०० डाल्टनच्या इन्शुलिनला सुईच लागते. साधी लायपोसोमही बहुतेक वरच्या थरातच अडकते. मग म्युनिकच्या ग्रेगोर सेव्ह यांनी १९९० च्या दशकात थैलीच्या पडद्यात थोडा साबणी पदार्थ मिसळला. त्यामुळे ती लवचीक झाली, लोकलच्या दारातून अंग चोरून शिरणाऱ्या प्रवाशासारखी. वरची कातडी कोरडी, आतली ओली. ही थैली ओलीच्या ओढीने आत सरकते, असे त्यांचे म्हणणे. जेरुसलेमच्या एल्का तुइतू यांनी थैलीत भरपूर अल्कोहोल घातले, त्याने गिलावाच सैल होतो. थैली अखंड आत जाते की वाटेत फुटून फक्त औषध जाते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

इथे मी वाचता वाचता थांबलो. कारण जखम म्हणजे काय? भिंत पडलेली जागा! बाबांच्या करंगळीवर भिंत नव्हतीच. "थेट कातडीतून आत जाते" हा त्या मलमाचा गुण तिथे कशाला हवा होता? शिवाय अल्कोहोलची थैली उघड्या जखमेवर लावली तर आग होईल ती वेगळीच.

जखमेवर पुडीचे काम निराळे असते. जखमेतून सतत पाणी झिरपते आणि औषध वाहून नेते. जुन्या जखमेत शरीराचीच विकरे माजलेली असतात, नव्या पेशींना बोलावणारी प्रथिने ती कापून टाकतात. जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर बांधून बसलेले असतात. तिथे पुडीने औषध धरून ठेवायचे, विकरांपासून वाचवायचे आणि हळूहळू सोडायचे. म्हणजे पुन्हा आमचे ग्रीसच. जर्मनीत पोव्हिडोन आयोडीन लायपोसोममध्ये भरून जेल तयार केले गेले आणि भाजलेल्या व त्वचारोपण केलेल्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या, त्या याच विचाराने. आयोडीनने जंतू मारायचे आणि थैलीने जखम ओलसर ठेवायची.

पुडी काय करू शकते, याचे आपल्याकडचे ठोस उदाहरण त्वचेवरचे नाही, शिरेतून द्यायच्या औषधाचे आहे. ते मुंबईतले आहे म्हणून मुद्दाम सांगतो. अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचे जालीम औषध. बुरशीच्या पेशीचे आवरण फोडते, पण रुग्णाच्या मूत्रपिंडालाही सोडत नाही. दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक बिमल कुमार बच्छावत यांच्या गटाने ते लायपोसोममध्ये बसवले आणि परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले, कोणती मात्रा चालते आणि मूत्रपिंडाचे काय होते याच्या नोंदी ठेवल्या. डॉ. क्षीरसागर पुढे केईएमच्या अधिष्ठाता झाल्या. ते औषध फंगीसोम या नावाने बाजारात आले आणि त्वचेसाठी त्याचे जेलही निघाले. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडली. हे इंजेक्शन देण्याआधी बाटली ४५ मिनिटे ध्वनिलहरींच्या पाण्यात ठेवावी लागते, म्हणजे थैल्या योग्य आकाराच्या होतात. गाडी सोडण्याआधीची तपासणीच म्हणा ना!

२०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हाहाकार माजवला, तेव्हा लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक गावोगाव फोन फिरवत होते. आपल्यापैकी काहींनी फिरवले असतील. पण त्या दिवसांतही डॉक्टर आधी सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढत होते. नुसत्या कुपीवर कोणी भिस्त ठेवली नव्हती.

हळदीचे विचाराल, म्हणून तेही सांगतो. जखमेवर हळद या गोष्टीचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून ते १९९७ मध्ये रद्द करवले, हे आपल्याला माहीत आहेच. पण हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्यालाही या थैल्यांत घालण्याचे प्रयोग भरपूर झाले आहेत. निकाल वाचायला छान वाटतात. फक्त जखमा बहुतेक उंदरांच्या.

तर बाबांचे काय चुकले? पायाच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी मला दोनच मिनिटांत सांगितले. जखमेभोवतीची मेलेली, कडक कातडी कोणी काढली नव्हती. बोटावरचा दाब तसाच होता, कारण मलम लावून मी त्यांना तोच बूट घालू देत होतो. साखर वाढलेली होती आणि पायाचा रक्तपुरवठा कोणी तपासला नव्हता. मलम खरे असेल, नसेलही, पण ते मेलेल्या मांसावर बसत होते. डब्याच्या पत्र्यावरचा गंज खरवडल्याशिवाय रंग मारणाऱ्या माणसाला मी वर्कशॉपमध्ये चार शब्द सुनावतो. घरी मी सहा आठवडे तेच केले. पहिल्याच आठवड्यात गेलो असतो तर कदाचित बोट वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले. "कदाचित" हा शब्द त्यांनी माझ्यासाठी घातला असावा.

आता रोज रात्री जेवणानंतर बाबा हाताचा आरसा घेऊन तळपाय बघतात आणि मी बॅटरी धरतो. घरातसुद्धा अनवाणी चालायचे नाही, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. मंडपात पादत्राणे बाहेर काढायची, त्यामुळे यंदा ते येणारच नाही म्हणत होते. कार्यकारिणीने दाराशी, सतरंजीच्या अलीकडे एक खुर्ची ठेवली. ते तिथे बसले आहेत, रुंद पंजाचे बूट घालून, आणि आरती त्यांना तिथून नीट दिसते. पुढच्या वर्षी तिथे दोन-तीन खुर्च्या ठेवाव्यात, एवढी विनंती. मधुमेहवाले आपल्यात बाबा एकटेच नाहीत.