पदवी लंडनची, सनद कुठली?

(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)

मी छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करते. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, वकीलबाईंना झालंय तरी काय! परदेशात जाऊन कायद्याची मोठी पदवी, म्हणजे एलएलएम केलं, तर आपल्या वकील मुलामुलींना तिकडे नोकरी मिळते का, यावर मी बोलणार आहे. बचत गटाचा आणि लंडनचा काय संबंध? सांगते.

दोनेक वर्षांपूर्वी कन्नड तालुक्यातल्या एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. गटाच्या सचिव आहेत, हिशेबाला पक्क्या. पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली आणि म्हणाल्या, "म्याडम, पोरीचा नंबर लागलाय लंडनला. एका वर्षाचा कोर्स हाय. मंग तिथंच वकील व्हती म्हनं. दोन एकर इकायचं ठरलंय. तुमी फक्त विक्रीचा कागद बघा."

मी विक्रीचा कागद बाजूला ठेवला आणि आधी लंडनचा वाचला. इंग्रजीत चार पानं होती. त्यात फी होती, वसतिगृह होतं, तारीख होती. "वकील होईल" असं कुठेच नव्हतं. ते फक्त शहरातल्या एका सल्ला केंद्रातल्या माणसाने तोंडी सांगितलं होतं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. डी.एड. झालेल्या मुली तुमच्या गावात असतील. डी.एड. झालं म्हणून शाळेत घेतात का? टीईटी द्यावी लागते. तसंच आपल्याकडे एलएलबी झालं म्हणजे लगेच कोर्टात उभं राहता येत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते, अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. पदवी हे शिक्षण झालं आणि सनद ही परवानगी. प्रत्येक देशाची सनद वेगळी. आपली सनद तिकडे चालत नाही, आणि तिकडची एलएलएम ही सनद नव्हेच.

हे काही आजचं नाही. कॉर्नेलिया सोराबजी नावाच्या बाई होऊन गेल्या. जन्म १८६६ सालचा, आपल्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. पुढे ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. १८९२ साली तिथली परीक्षा दिली, पण बाईमाणूस म्हणून पदवी हातात पडली नाही, ती तीस वर्षांनी, १९२२ ला. इकडे परत आल्यावर मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, अलाहाबादला वकिलीची परीक्षा दिली, तरी सनद नाही. १९२३ ला बायकांना वकिली करू देणारा कायदा आला, तेव्हा कुठे दार उघडलं. मधल्या काळात काय केलं? १९०४ पासून बंगालमधल्या पडद्यातल्या विधवांच्या, वारसदार बायकांच्या इस्टेटीची सरकारी सल्लागार म्हणून कामं केली. ज्या बायकांना परपुरुष वकिलासमोर बोलता येत नव्हतं, त्यांचं ऐकायला ही बाई जायची. ऑक्सफर्डचं शिक्षण उपयोगी पडलं, पण ज्या कामासाठी घेतलं होतं त्या कामाला पडायला तीस वर्षं लागली.

बाबासाहेबांचंही पाहा. आपल्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभं केलं ते १९५० ला. त्याच्या खूप आधी, १९१७ ला, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा गेले. ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर झाले. ती परवानगीच होती, म्हणून १९२३ ला परत आल्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करता आली. त्यातही सनदेची फी भरायला पैसे नव्हते, ते पुन्हा भथेनांनी दिले.

तर आता आजच्या काळात येऊ. मी त्या ताईंना आणि त्यांच्या मुलीला समोर बसवून एकेक देश सांगितला, तसंच तुम्हाला सांगते.

इंग्लंड. तिथे सॉलिसिटर व्हायचं तर एसक्यूई नावाची परीक्षा आहे, २०२१ पासून. तिचे दोन टप्पे. दोन्हींची फी मिळून पाच हजार पाउंडांच्या आसपास, म्हणजे साडेपाच-सहा लाख रुपये. या परीक्षेला एलएलएम लागतच नाही! आपल्याकडे सनद घेतलेली वकील असेल तर तिकडच्या दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अटही नाही. पहिला टप्पा भारतातल्या परीक्षा केंद्रावर देता येतो. हे ऐकल्यावर ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं. का सांगतील? एलएलएमला मुलगी पाठवली की विद्यापीठाकडून अशा केंद्रांना कमिशन मिळतं. परीक्षेला बसवलं तर कोण देणार?

एलएलएमने तिकडे राहायला थोडा वेळ मात्र मिळतो. शिक्षण झाल्यावर काम शोधायला दोन वर्षांचा व्हिसा मिळत आला आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळणार. त्यापुढे राहायचं तर मालकाने व्हिसा काढून द्यावा लागतो, आणि त्याला सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पाउंड पगाराची अट आहे. सल्ला केंद्रातला माणूस जो महिना चार लाखांचा आकडा सांगतो ना, तो कदाचित इथूनच उचललेला असावा. ही व्हिसाची अट आहे बायांनो. असा पगार मिळेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही.

अमेरिका. तिथे प्रत्येक राज्याची बार वेगळी. आपले लोक बहुतेक न्यूयॉर्कची देतात. दोन दिवसांची परीक्षा, वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि जुलैत. बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांपैकी निम्मेसुद्धा पास होणं अवघड जातं. इथेही गंमत अशी की, आपला कायदा इंग्रजांच्या वळणाचा असल्यामुळे आपल्याकडे पूर्णवेळ तीन किंवा पाच वर्षं कायदा शिकलेल्या बऱ्याच जणांना एलएलएम न करताही या परीक्षेला बसू देतात. आधी त्यांच्या बोर्डाकडे कागद पाठवून पात्रता ठरवून घ्यायची. त्याला कित्येक महिने लागतात, पण शेत विकावं लागत नाही.

परीक्षा पास झाली तरी नोकरी वेगळी आणि व्हिसा वेगळा. एलएलएमनंतर कामाला एकच वर्ष मिळतं. संगणकवाल्या मुलांना जादा दोन वर्षं मिळतात, कायद्याच्या मुलांना सहसा नाही. पुढच्या एच-१बी व्हिसाची वर्षाला ८५,००० ची मर्यादा, त्यात सोडत. सप्टेंबर २०२५ पासून बाहेरच्या देशातून नव्याने बोलावलेल्या माणसासाठी मालकाला १ लाख डॉलर भरायला सांगितलेत. तिकडच्या मोठ्या फर्म तीन वर्षं तिथेच कायदा शिकलेल्यांना आधी घेतात. एलएलएमवाल्यांना जागा असतात, पण मोजक्या, आणि त्या बहुधा आधीच मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्ममध्ये चार-पाच वर्षं काम केलेल्यांच्या वाट्याला जातात.

कॅनडाचं थोडक्यात सांगते. तिथे एनसीए नावाची समिती आपली पदवी तपासते आणि कोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते लिहून देते. त्या दिल्या की प्रांताच्या संस्थेकडे जायचं, तिथे उमेदवारी करायची. वेळ लागतो, पण रस्ता लिहून मिळतो, हे मला बरं वाटतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी नाहीच किंवा फार कमी, म्हणून मुलं जातात. पण तिथला वकील व्हायचं तर जर्मन भाषेतून त्यांच्या सरकारी परीक्षा द्याव्या लागतात. एलएलएमने ते होत नाही.

मग एलएलएमवाल्यांना काहीच काम नाही का? आहे. कंपन्यांचे करार तपासणं, बँकांचे नियम पाळले जातात का ते बघणं, लंडन, सिंगापूर, दुबईत कंपन्यांच्या तंट्यांच्या लवादात काम करणं. या कामांना काही ठिकाणी तिथली सनद लागत नाही, आणि भारतीय कायदा येणारा माणूस लागतो. इंग्रजी मात्र धारदार लागतं. शिकवायला परत यायचं तर नेट किंवा सेट लागते आणि परदेशी पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र. हेही आधी विचारून घ्यावं, नाहीतर पदवी भिंतीवर आणि मुलगी घरात.

आता पैशाकडे. हा भाग मी त्या ताईंबरोबर कागदावर मांडला, कारण हिशेबात त्या माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. लंडनच्या नामांकित विद्यापीठात एलएलएमची फी तीस ते चाळीस हजार पाउंड. राहायला महिना सुमारे दीड हजार पाउंड दाखवावे लागतात, तेही नऊ महिन्यांचे. म्हणजे अर्धा कोट आलंच. लहान विद्यापीठात कमी लागतात, पण तिथून नोकरीही अवघड. समजा दोन एकराचे काही पैसे आले आणि उरलेले ४० लाख कर्ज काढलं. अकरा टक्क्याने, दहा वर्षं. हप्ता महिन्याला ५५ हजारांचा. मुलगी परत आली आणि इथल्या कोर्टात ज्युनिअर म्हणून बसली तर तिला मिळणार किती? मला पहिली दोन वर्षं बसभाडं सुटेल एवढंच मिळायचं. ताईंनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "गटात कुनी असं कर्ज मागितलं तर आमी देऊच न्हाई."

बँकेचं कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, पण आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. म्हणजे हप्ता चुकला तर नोटीस तुमच्या नावाने येते. त्यापुढे बहुधा तारण लागतं, आणि शेतजमीन बँका यासाठी सहसा घेत नाहीत. घर, प्लॉट, मुदत ठेव मागतात. म्हणून लोक सावकाराकडे वळतात. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला व्यवहार असेल तर जमीन परत मिळू शकते. पण तो लढा मी पाहिलाय. त्यापेक्षा लिहून न दिलेलं बरं.

अजून एक. मुलीच्या शिक्षणासाठी जमीन विकायचं ठरलं की भाऊबंद हळूच म्हणतात, एवढा खर्च केला, आता पोरीने हक्कसोड करून द्यावं. या ताईंच्या घरीही तो कागद तयार होता! २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. शिक्षणाचा खर्च केला म्हणून तो संपत नाही. मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा कुणी त्याच्याकडून हक्कसोड घेतलं होतं का?

शिष्यवृत्त्या आहेत, त्या आधी बघा. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, ओबीसी, भटके-विमुक्त यांच्यासाठी त्या त्या विभागाच्या आहेत, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे. विद्यापीठ जगाच्या यादीत वरचं लागतं, उत्पन्नाच्या अटी असतात, त्या जाहिरातीत नीट वाचा. इंग्लंड सरकारची चिव्हनिंग आहे. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं आपल्या देशात परत यावं लागतं. म्हणजे तिकडे नोकरी करायची असेल तर ती उपयोगाची नाही, पण कर्ज न काढता शिकून येता येतं.

मी त्या मुलीला सल्ला केंद्रात तीन प्रश्न लेखी विचारायला पाठवलं. या पदवीने मला इंग्लंडची सनद मिळेल का? मागच्या वर्षी तुम्ही पाठवलेल्यांपैकी किती जण आज तिकडे कायद्याचं काम करतात, त्यांच्याशी बोलायला मिळेल का? विद्यापीठ तुम्हाला माझ्यामागे किती कमिशन देतं? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला ते चिडले. नोंदणीचे भरलेले पैसे परत मागितले, त्यातले अर्धेच मिळाले.

जमीन विकली नाही. मुलीने सनद घेतली आणि आता खंडपीठात एका ज्येष्ठ वकिलांकडे बसते. एसक्यूईच्या पहिल्या टप्प्याचा अभ्यास पहाटे करते. एकदा दिली, थोडक्यात गेली. पुन्हा देणार आहे. फीसाठी गटाने तिच्या आईला कर्ज दिलंय, छत्तीस हप्त्यांत, आणि आईने सही करायच्या आधी सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवायला लावला.

तुमच्या घरी असं कुठलं ऑफर लेटर आलं असेल तर सही करायच्या आधी घेऊन या. शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात असते.