ब्राचा साईज: आकडा एक, अक्षर एक, आणि दोघांचं नातं

हेडफोन लावले आहेत ना? विषय लाजण्यासारखा नाहीये, पण घरात सगळे बसलेले असताना स्पीकरवर 'ब्रा' हा शब्द आला की काय होतं, हे मला माहीत आहे.

आपण ती दोरीवर ओढणीखाली वाळत घालतो. दुकानात हळू आवाजात मागतो, घालून बघायची सोय बहुतेक ठिकाणी नसतेच. दुकानदार अंदाजाने देईल तो नंबर घेऊन येतो आणि मग तोच वर्षानुवर्षं चालतो.

माझ्या आईचंच बघा. (तिला विचारूनच सांगतेय!) ती अजून 'बॉडी'च म्हणते. नंबर कायम ३६ बी. खांद्यांवर स्ट्रॅपचे खोल वळ. विचारलं तर म्हणाली, "अगं, बाईला असतंच हे." नसतं हो! शिवणाची टेप आणली आणि माप घेतलं.

माप दोनच. पहिलं, छातीच्या बरोबर खाली, टेप घट्ट आणि आडवी सरळ ठेवून. आईचं आलं ३२ इंच. हा झाला बँड. विषम आकडा आला तर मागचा आणि पुढचा, दोन्ही सम आकडे घालून बघा. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. ते आलं ३६. आता वजाबाकी. फरक १ इंच असेल तर ए, २ तर बी, ३ तर सी, ४ तर डी. म्हणजे आई ३२ डी!

"डी? मी काय एवढी...?" आई हसायलाच लागली. इथेच सगळे फसतात. नुसत्या 'डी'ला काही अर्थ नाही. कप बँडच्या मापाने बदलतो. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींचा कप साधारण सारखाच. म्हणजे आईचा कप बरोबर होता, बँड चार इंच सैल होता. आधार द्यायचं मुख्य काम बँडचं. तो ढिला पडला की ओझं स्ट्रॅपवर येतं, आणि खांदे बोलायला लागतात.

आता घालायची कशी? स्ट्रॅप खांद्यावर घ्या, थोडं पुढे वाका, हुक लावा. नवीन ब्रा असेल तर सगळ्यात बाहेरचा, सैल हुक. इलॅस्टिक वापरून सैल होतं, तेव्हा आतले हुक कामी येतात. मग हात घालून काखेकडचा भाग हलकेच कपमध्ये आणा. स्ट्रॅप सगळ्यात शेवटी.

आता टेस्टिंग! आम्हा इंजिनिअर लोकांना त्याशिवाय चैन पडत नाही. दोन्ही हात वर करा. बँड वर सरकला तर तो सैल आहे. बँडखाली दोन बोटं जायला हवीत, पूर्ण मूठ नाही. वरून छाती बाहेर येत असेल तर कप लहान, कपड्याला सुरकुत्या असतील तर कप मोठा. वायरवाली असेल तर वायर छातीच्या हाडाला टेकावी, छातीवर रुतू नये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बिघाड कुठे होता ते कळणारच नाही.

ब्रँडप्रमाणे मापं थोडी इकडेतिकडे होतात. वजन, पाळी, बाळंतपण, सगळ्याने शरीरही बदलतं. म्हणून वर्षातून एकदा टेप काढाच. आणि गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंडातून स्राव आला, तर ब्रा बदलत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा.

आईने ३२ डी घातली आणि दिवसभर काही बोललीच नाही. संध्याकाळी म्हणाली, "मावशीचं पण माप घेशील का?"

तुम्हीही घ्या. आईचं, बहिणीचं, रूममेटचं. टेप स्वस्तात मिळते. भेटू पुढच्या भागात!